‘कृतज्ञता वही’ला बोलीतला शब्द हवा

घोडबंदरी:
ठाण्यातल्या एका वसाहतीत पालकांसाठी कार्यशाळा आहे. विषय: सतत दुसऱ्यांशी तुलना करण्याची खोड. पत्रक मराठीत आणताना दोन ठिकाणी गाडी अडली आहे. ‘ग्रॅटिट्यूड जर्नल’ला (ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं त्या गोष्टी लिहून ठेवायची वही) ‘कृतज्ञता वही’ लिहिलं, तर संयोजकांनी खोडून ‘आभारवही’ केलं. दुसरं म्हणजे वरचढाशी आणि आपल्याहून कमी असणाऱ्याशी केलेली तुलना. ‘ऊर्ध्वगामी’ आणि ‘अधोगामी’ लिहिलंय, पण ‘अधोगामी’ वाचून माणूस वाया गेल्यासारखा वाटतो. शुक्रवारी छपाई.

शुद्धपक्ष:
‘आभारवही’ नको. आभार समोरच्याला उद्देशून मानायचे असतात. कृतज्ञता न बोलताही असते. आणि आभार मानतात, धन्यवाद देतात. ‘धन्यवाद मानतो’ हे हल्लीच्या सूत्रसंचालकांचं मराठी. कृतज्ञताच ठेवा, फक्त मुद्रितं डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘ज्ञ’च्या जागी ‘घ्न’ पडला की केलेलं जाणणाऱ्याचा केलेलं बुडवणारा होतो.

ऐरोलीकर:
कृतज्ञता घरात बोलतं कोण? बोलीत ‘जाण ठेवणे’ आहे. ‘पोरानं जाण ठेवली हो.’ कृत आणि ज्ञ, दोन्ही त्यात आलं. ‘जाणवही’ करा.

शुद्धपक्ष:
अहो, ‘जाण’ला आधी काहीतरी लागतं. उपकाराची जाण, संगीताची जाण. नुसती जाण म्हणजे समज. आणि ‘जाणीव करून देणे’ तर सरळ दम भरणं झालं.

सेक्टर सतरा:
खरी अडचण वेगळी आहे. आपले या भावनेचे बहुतेक शब्द कर्जाच्या खात्यातले: ऋण, ऋणी, ऋणनिर्देश, उपकार फेडणे, उतराई होणे. त्यात टोकाला ‘मिंधा’ बसलेला. ‘मी कुणाचा मिंधा नाही’ हे आपण छाती काढून सांगतो. म्हणून ‘ऋणवही’ म्हटलंत तर पालक हप्ते लिहितील. (‘मिंधे’ ठाण्यात जपूनच वापरा, शब्द राजकारणात गेलाय.)

तलावपाळी:
नावाआधी रकाने ठरवा, ते जास्त महत्त्वाचं. एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या एका प्रयोगात लोकांनी आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. पत्रकात ‘रोज दहा’ असेल तर काढा. चौथ्या दिवशी ‘आई, घर, तब्येत’ ही तीच यादी उतरते आणि वही बंद पडते. ‘घर’ नको, ‘मंगळवारी पाणी गेलं तेव्हा वरच्या काकूंनी दोन बादल्या दिल्या’ हवं.

‘माझ्याकडे काय आहे’ असा रकाना अजिबात नको. ‘आहे’ म्हटलं की शेजाऱ्याकडे काय आहे तेही आठवतं. ‘काय मिळालं’ लिहा, कारण मिळायला देणारा लागतो. पुढचा रकाना ‘कुणामुळे’. इथे मराठी दगा देते: ‘तुझ्यामुळे जमलं’ आणि ‘तुझ्यामुळे गाडी चुकली’, प्रत्यय तोच. ‘-च्या पायी’ बहुतेक दोष देतानाच येतं. ‘कृपेनं’ देवघरात ठीक, बाहेर आता टोमणाच: ‘तुमच्या कृपेनं लिफ्ट बंद.’ म्हणून ‘कुणी हात लावला’ असं विचारलं तर?

ऐरोलीकर:
‘हात लावला’ नको, पालक शाळेत तक्रार घेऊन येतील. ‘कुणाचा हातभार’ म्हणा.

सेक्टर सतरा:
दुसऱ्या प्रश्नाचं: ‘वर बघणं’ आणि ‘खाली बघणं’ करू नका, खाली बघणं म्हणजे शरमणं. शाळेतले चढता क्रम, उतरता क्रम सगळ्यांना माहीत आहेत. ‘चढती तुलना’, ‘उतरती तुलना’ घ्या. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगरनं १९५४मध्ये मांडलं ते असं, की माणूस स्वतःला मापायला आपल्यासारखाच माणूस शोधतो. याला आपल्याकडे शब्द तयार आहे: तोलामोलाचा. उद्योगपतीचा बंगला खुपत नाही, समोरच्या विंगमधल्या वन-बीएचकेवाल्यानं टू-बीएचके घेतला की खुपतो.

मापाडी:
तोलामोलाचा विषय काढलात म्हणून. तुलना हा तराजूचाच शब्द, तुला म्हणजे तराजू. आणि ‘पासंग’ विसरू नका. रिकाम्या तागडीचं एक पारडं वर राहत असेल तर त्या हलक्या बाजूला दगड किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. फारसीत संग म्हणजे दगड. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणजे माल म्हणून तोलणं लांबच, पारडं सरळ करायचा खडा म्हणूनही चालणार नाही. तोलताना आधी रिकामा तराजू बघायचा, मग माल. माणसं माल टाकूनच सुरुवात करतात.

शुद्धपक्ष:
पत्रकात फारसी कशाला? तुलना संस्कृत आहे, पुरेशी आहे. तुळससुद्धा तिथूनच, जिला तुलना नाही ती तुलसी.

मापाडी:
ही व्युत्पत्ती भक्तीची, व्याकरणाची नव्हे. ‘तुलसी’त ‘नाही’ कुठे आहे? आणि फारसी नको तर ‘पत्रकाची तारीख’ लिहू नका, ‘तारीख’ अरबी आहे.

शुद्धपक्ष:
‘दिनांक’ आहे की.

ऐरोलीकर:
‘काटा’ घ्या मग, तो तरी आपला. मात्र ‘काटा मारणे’ म्हणजे वजनात फसवणं, हे शुद्धपक्षांना सांगायला नको.

घोडबंदरी:
चढती-उतरती घेतलं, ‘कुणाचा हातभार’ घेतलं. मुखपृष्ठावर वहीच्या नावाची जागा अजून कोरी आहे.

मापाडी:
तागडी आणि ताजवा यांत फरक करता का तुम्ही? बाजारात पारड्यालाही तागडी म्हणणारे भेटतात.

शुद्धपक्ष:
चूक आहे ते.