मदत हवी आहे : वाचन होतं, पण प्रार्थना अडखळते

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम.

रोजच्या उपासनेसाठी मी पहाट निवडली आहे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (१:३५) प्रभू स्वतः अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेले, ते मनात फार घर करून आहे. वाचन बरं चाललंय. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, आणि तारखेप्रमाणे नीतिसूत्रे या पुस्तकातला एक अध्याय. त्याचे एकूण अध्याय ३१ असल्याने हिशेब सोपा पडतो.

अडचण त्यानंतरची. डोळे मिटले की आभार, घरच्यांची नावं, आजाऱ्यांची नावं, आमेन. रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. प्रभूशी बोलायची ओढ खरी आहे, म्हणूनच हे जास्त खुपतं.

सध्या वाचलेलं वचनच धरून प्रार्थना करून पाहतेय. स्तोत्र १४३:८ मध्ये दाविदाने चालायचा मार्ग कळू दे अशी विनवणी केली आहे. ती धरून दिवसाची कामं एकेक करून प्रभूपुढे ठेवली, तेव्हा शब्द आपोआप येत गेले. पण स्तोत्र ८८ सारखं, शेवटपर्यंत अंधारच असलेलं स्तोत्र आलं की काय करता? आपल्यावर तशी वेळ नसताना ते कोणासाठी म्हणायचं?

बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्यासारखी दिवसातून तीनदा प्रार्थना कोणी करतं का? दुपारची वेळ कशी सांभाळता? आणि मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेसाठी वही ठेवत असाल, तर तिच्यात नेमकं काय लिहिता तेही सांगा. लहान मुलं असलेल्या आयांनी तर जरूर लिहा.