रत्नागिरीचे हवाई फोटो, सेस्ना 172 मधून: वेळ, उंची, लेन्स?

मांडवीकर:
भाट्ये पुलापासून मिऱ्यापर्यंतच्या किनाऱ्याचे तिरपे हवाई फोटो हवेत. ड्रोन 120 मीटरपर्यंतच, तेवढ्यावरून रत्नदुर्ग आणि शहर एका चौकटीत नीट बसत नाही. म्हणून चार आसनी सेस्ना ठरवतोय, नोव्हेंबरअखेर. हवा शांत म्हणून सकाळचं उड्डाण बरं का? उंची किती? 70-200 मिमीची लेन्स लागेल? काचेतून काढले तर चालतील?

सड्यावरचा:
सकाळ नको. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्रावरून शहराकडे बघाल तर ऊन थेट लेन्सवर, आणि हवेतला दमटपणा पांढरा चमकून सगळं दुधाळ होतं. साडेतीन ते पाच धरा. ऊन नैऋत्येकडून, तुमच्या पाठीमागून येईल. मांडवीची काळी वाळू, जांभ्याचे कडे, कौलं सगळं सुटं दिसतं. रत्नदुर्गाची उत्तर बाजू सावलीत जाईल, त्याला इलाज नाही.

दुपारी खारे वारे कड्यावर आपटतात, त्यामुळे धक्के बसतात ते सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या जांभ्याच्या पठारावर. पाण्यावर विमान बऱ्यापैकी स्थिर राहतं.

भरतीचंही बघा, नाहीतर भाट्याच्या खाडीत नुसता चिखल येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आपला जुना हिशोब इथे कामाला येतो: पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचारच्या आसपास पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असते, त्या तारखा टाळा.

एफ_आठ:
काचेतून नको. ती ॲक्रिलिकची असते, ओरखडे आणि प्रतिबिंबं दोन्ही येतात. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावलात तर वर इंद्रधनुष्यी पट्टे. खिडकी उघडूनच काढा. 172 ची खिडकी वरच्या बिजागरीवर असते. तिला अडवणारी पट्टी मेकॅनिककडून सोडवून घेतली की वाऱ्याने वर उचलली जाऊन पंखाखाली टेकून राहते. उजवीकडची खिडकी सगळ्या विमानांत उघडत नाही, बुकिंगआधी विचारा. वैमानिक डावीकडे बसतो, म्हणजे तुम्ही उजवीकडे आणि विमान भाट्याकडून मिऱ्याकडे. परत येताना समुद्रात लांब वळसा घ्यायचा, फोटो फक्त उत्तरेकडे जाताना.

उंची 1500 फूट घ्या. दाट वस्तीवर आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर 1000 फूट हा किमान नियम आहेच. 1500 फुटांवरून क्षितिजाच्या 30 अंश खाली बघितलं तर विषय साधारण 915 मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (36 मिमी रुंद सेन्सर) 50 मिमीने तिथे सुमारे 660 मीटर रुंदी मिळते. म्हणजे 24-70 पुरे. 70-200 फक्त दीपगृहासारख्या सुट्या विषयाला, आणि लेन्स बदलणं विमानात नकोच, दुसरी बॉडी न्या.

विमानाच्या वेगाने फोटो हलतो, असा शटरबद्दल एक गैरसमज आहे. विमानाचा वेग 75 नॉट म्हणजे सेकंदाला 38-39 मीटर. 1/1000 ला विमान 4 सेंटिमीटर सरकतं, आणि 24 मेगापिक्सेलला वर सांगितलेल्या 660 मीटरच्या चौकटीत एक पिक्सेलच 11 सेंटिमीटरचा. वेगाने फोटो हलत नाही; हलतो तो इंजिनाच्या थरथरीने. म्हणून 1/1000 च्या खाली जाऊ नका, एफ 5.6, आयएसओ 200-400. कोपर किंवा लेन्स खिडकीच्या चौकटीला टेकवली की थरथर सरळ कॅमेऱ्यात, कोपरं पोटाशी टेकवून आधार घ्यायचा. लेन्सहूड काढा, वारा धरतो. फोकस दूरवर लावून रिंगला टेप. पत्र्याच्या शेड आणि समुद्राची चमक लवकर जळते, एक्स्पोजर 0.7 स्टॉप कमी, रॉ मध्ये. आणि पट्टा गळ्यात, मोबाइल खिशात चेन लावून.

मांडवीकर:
नैऋत्येचं ऊन लक्षातच आलं नव्हतं. रुंद लेन्सवर पंखाची तिरपी दांडी चौकटीत येते ना?

एफ_आठ:
24 ला येते, चाकही येतं. दांडीच्या मागच्या जागेतून, थोडं शेपटीकडे बघून काढा. वैमानिकाला सांगा, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) 10 अंश आणि शटर दाबण्याच्या वेळी विमानाचं नाक किंचित डावीकडे वळव. नाक डावीकडे गेलं की दांडी पुढे सरकते. वळणात घिरट्या घेत व्ह्यूफाइंडरमधून बघत राहिलं की मळमळतं. मधेमधे डोळे काढून क्षितिज बघा, आलेपाक जवळ असू द्या.

खलाशी_दादा:
दोन गोष्टी राहिल्या. उड्डाणातून फोटो काढायला 1937 च्या विमान नियमांतल्या नियम 13 नुसार डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) लेखी परवानगी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो. तारीख पक्की करण्याआधी अर्ज करा. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे; ती चौकटीत येणार नाही अशी रेषा आखा.

दुसरं, इंजिन एकच. 172 शांत हवेत उंचीच्या साधारण नऊ पट तरंगत जाते, म्हणजे 1500 फुटांवरून जेमतेम चार किलोमीटर, वारा विरुद्ध असेल तर कमी. किनाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आत राहा, लांब वळसाही त्याच हिशोबात बसवा. लाइफ जॅकेट चौघांच्याही अंगात हवं, सीटखाली नको. आणि ते विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे उडण्याआधी सगळ्यांना सांगा.