व्हिक्टोरियात आलेल्या स्कॉटिश पूर्वजाचे मूळ गाव कसे शोधावे?

वेलदोडा (प्रश्न)

नमस्कार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत, मेलबर्नला राहिलेल्या एका कुटुंबाची वंशवेल जुळवतो आहे. तिथे एका माणसापाशी वाट खुंटली आहे. नाव डोनल्ड, आडनाव मॅकडोनल्ड. लग्न व्हिक्टोरियात १८६० च्या आसपास, मृत्यू तिथेच १८९० च्या दशकात. मृत्यूच्या दाखल्यावर वय ६४, वसाहतीत सुमारे ४० वर्षे, जन्म 'इन्व्हर्नेस, स्कॉटलंड', वडील अलेक्झांडर आणि आईच्या रकान्यात 'माहीत नाही'. जहाजाचे नाव ठाऊक नाही.

स्कॉटलंड्सपीपलवर (स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींचे सरकारी संकेतस्थळ) १८२५ ते १८३५ मधले बाप्तिस्मे शोधले, तर याच नावाच्या मुलांची रांगच लागते. इन्व्हर्नेस शहराच्या नोंदींत मात्र वडिलांच्या नावाशी जुळणारे कोणी नाही. एकेक प्रतिमा विकत घेऊन पाहत जावे का? की निघालेल्या जहाजांच्या याद्या आधी पाहाव्यात?

दप्तरी

तूर्त एकही प्रतिमा घेऊ नका. सूची फुकट शोधता येते, पण मूळ नोंदीच्या प्रत्येक प्रतिमेला पैसे पडतात. आईचे नाव आणि पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग, ज्याच्या वहीत बाप्तिस्मे नोंदत) ठाऊक नसताना वीस प्रतिमा घेतल्या तरी त्यांतला 'आपला' कोणता हे ठरवता येणार नाही. स्कॉटलंडचा शोध स्कॉटलंडमधून सुरू करायचा नसतो. माणूस जिथे जाऊन राहिला तिथले कागद आधी संपवायचे.

त्यातही मृत्यूच्या दाखल्यावर सगळा भार टाकू नका. तो लिहून देणारा मुलगा किंवा जावई असतो, आणि सासऱ्याच्या आईचे माहेरचे आडनाव जावयाला ठाऊक असेलच असे नाही. व्हिक्टोरियात सरकारी नोंदणी १८५३ मध्ये सुरू झाली आणि तिथले दाखले फार सविस्तर आहेत. लग्नाच्या दाखल्यावर वर-वधूचे जन्मस्थान आणि दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात. ती माहिती स्वतः नवऱ्या मुलाने दिलेली असते, म्हणून तो कागद पहिला मागवा.

त्यानंतर त्याच्या मुलांचे जन्मदाखले, एकाचा नाही तर सगळ्यांचे. प्रत्येकावर बापाचे वय आणि जन्मस्थान पुन्हा लिहिलेले असते. एका दाखल्यावर 'इन्व्हर्नेस', दुसऱ्यावर 'स्काय' आणि तिसऱ्यावर थेट वाडीचे नाव, असे होऊ शकते. वाडीचे नाव असलेला एक दाखला मिळाला की बाकीची रांग आपोआप आखडते.

आणि 'इन्व्हर्नेस' म्हणजे शहर असे धरू नका. परदेशातल्या कागदांवर त्याचा अर्थ बहुधा इन्व्हर्नेसशायर परगणा असतो. त्यात स्काय बेट येते, हॅरिस आणि दोन्ही युइस्ट येतात, लोखाबर हा भाग येतो. लुईस बेट मात्र रॉसशायरमध्ये. शहराच्या नोंदींत तो सापडत नाही याचे कारण बहुतेक इथेच आहे.

सागरवाट

जहाजांबद्दल. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या टिकल्या आहेत त्या १८९० पासूनच्या (बीटी २७ ही मालिका, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये). १८५० च्या दशकासाठी तो रस्ता नाही. पोहोचल्याच्या याद्या पाहायच्या.

व्हिक्टोरियाच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसकडे दोन वेगळ्या सूची आहेत: सरकारी मदतीने आलेले (१८३९ ते १८७१) आणि स्वखर्चाने आलेले (१८५२ ते १९२३). मदतीने आलेल्यांच्या यादीत वयाखेरीज परगणा, धर्म, लिहिता-वाचता येते का, असे तपशील मिळू शकतात. सोन्याच्या मागे स्वखर्चाने आलेल्यांच्या यादीत नाव, वय आणि 'स्कॉच' एवढ्यावरच भागवावे लागते. एकट्या डोनल्ड मॅकडोनल्डला अशा यादीत नेमके ओळखणे जवळजवळ अशक्य. म्हणून सोबत आलेली भावंडे शोधा. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलहून आलेले जहाज दिसले म्हणून ते वगळू नका, अनेक स्कॉट तिथूनच निघत.

तुमच्या माणसाच्या बाबतीत आणखी एक यादी आवर्जून पाहायला हवी. १८५२ ते १८५७ मध्ये हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटीने (स्कॉटलंडचा डोंगराळ हायलँड भाग आणि बेटे इथल्या लोकांना परदेशी पाठवणारी संस्था) सुमारे ५,००० माणसे ऑस्ट्रेलियाला पाठवली. १८४६ पासून बटाट्याचे पीक बुडाल्यावरचा तो काळ. या जहाजवार याद्या एडिनबरोत, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एचडी ४/५ या क्रमांकाखाली आहेत आणि त्यांत कुटुंब एकत्र, वयांसह आणि राहत्या गावासह लिहिलेले आहे. इतर याद्यांत जे मिळत नाही ते नेमके इथे असते. तुमचे साल आणि परगणा दोन्ही बसतात.

वेलदोडा

लग्नाचा दाखला आणि मुलांचे दाखले मागवतो. समजा आई आणि पॅरिश दोन्ही मिळाले, तरी एकाच पॅरिशमध्ये दोन-तीन उमेदवार उरले तर? आणि बाप्तिस्म्याची नोंदच नसेल तर?

दप्तरी

दोन्ही गोष्टी होतात.

उमेदवार जास्त असतील तर खरा कोण हे सिद्ध करण्याआधी बाकीचे बाद करा. १८५१ ची जनगणना पाहा. तिच्यात जन्माची पॅरिश लिहिलेली असते. १८४१ मध्ये ती नसते, शिवाय पंधरा वर्षांपुढची वये खालच्या पाचाच्या पटीत उतरवलेली असतात, म्हणजे ३४ चा माणूस ३० चा दिसतो. जो डोनल्ड १८६१ मध्येही बायकोमुलांसह तिथेच शेती करतोय, तो मेलबर्नमध्ये नव्हता. १८५५ नंतर स्कॉटलंडमध्ये नोंदलेल्या मृत्यूंत आई आणि वडील दोघांची नावे असतात, त्यामुळे मागे राहिलेला उमेदवार तिथेही पकडता येतो.

मागे राहिलेल्या आईवडिलांचाही मृत्यू शोधा. १८५५ नंतर गेले असतील तर आजी-आजोबांची नावे मिळून आणखी एक पिढी मागे जाता येते. १८५५ या एकाच वर्षाच्या मृत्यूनोंदीत सगळ्या मुलांची नावेही आहेत. पुढच्या वर्षी तो रकाना काढून टाकला, याची हळहळ या विषयातल्या प्रत्येकाला वाटते. एक सोय मात्र कायम आहे: स्कॉटलंडच्या कागदांत बाईचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही टिकते, आणि मृत्यूची सूची दोन्ही आडनावांनी शोधता येते.

नोंदच नसणे हायलँडमध्ये नवल नाही. जुनी पॅरिश रजिस्टरे चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रोटेस्टंट चर्चची. स्कायमधली बहुतेक एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. कुटुंब कॅथलिक असेल (लोखाबर, साउथ युइस्ट) तर कॅथलिक नोंदवह्या स्कॉटलंड्सपीपलवरच वेगळ्या शोधाव्या लागतात. लग्नाच्या दाखल्यावर कोणत्या पंथाच्या विधीने लग्न लागले ते असते, तेवढ्यावरून दिशा मिळते. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फ्री चर्च फुटून निघाल्यावर धाकटी भावंडे जुन्या रजिस्टरांतून अचानक गायब होतात, तेव्हा कुटुंब गाव सोडून गेले असे समजू नका.

पाटीपूजक

नावांविषयी थोडे. आडनाव शोधताना 'एम' आणि 'सी' यांच्यामध्ये तारांकन टाका, म्हणजे मॅक आणि एमसी दोन्ही रूपे येतात. गेलिक (हायलँडची जुनी भाषा) बोलणाऱ्यांची नावे कारकुनागणिक बदलतात: डोनल्डचा डॅनियल, अँगसचा इनियस, युफिमियाची एफी, जेनेटची जेसी, मॅरियनची सारा. पीटर आणि पॅट्रिक तर एकाच माणसाला लावलेले सापडतात.

नाव ठेवण्याची रीतही तपासा. थोरला मुलगा बापाच्या वडिलांवर, दुसरा आईच्या वडिलांवर. थोरली मुलगी आईच्या आईवर, दुसरी बापाच्या आईवर. डोनल्डची दुसरी मुलगी 'फ्लोरा' असेल तर त्याच्या आईचे नाव फ्लोरा असण्याचा संभव धरून शोधा. हा पुरावा नव्हे, कारण सगळ्या घरांत ही रीत पाळली गेलेली नाही.

ऑस्ट्रेलियातली जुनी वर्तमानपत्रे ट्रोव्ह या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मृत्यूच्या छोट्या जाहिरातीच्या शेवटी 'इन्व्हर्नेस कुरिअरने कृपया छापावे' अशी ओळ असते, तिच्यावरून नातेवाईक कुठल्या भागात उरले होते ते कळते. कबरीवरचा मजकूरही वाचा, कागदावर परगणा असला तरी दगडावर कधी कधी वाडी कोरलेली असते.

वाडीचे नाव मिळाले की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर सहा इंची (एका मैलाला सहा इंच) जुने नकाशे उघडा. लिहिलेले नाव नकाशावर नसेल तर मोठ्याने उच्चारून पाहा, कारकुनाने कानावर पडले तसे लिहिलेले असते आणि गेलिकमध्ये 'बीएच' व 'एमएच' या जोड्यांचा उच्चार 'व्ह' होतो. एकाच नावाची दोन गावे आहेत का हेही बघा. युइग स्कायमध्ये आहे आणि लुईसमध्येही, पण दोघांचे परगणे वेगळे, रजिस्टरेही वेगळी.