'निधी समर्पित केला' म्हणजे नेमकं काय केलं?

सायली_माहीम
आमची संस्था पालघर जिल्ह्यातल्या काही जिल्हा परिषद शाळांबरोबर काम करते, ऑफिस दादरला. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसाठी दोन पानी टिपण करायचंय. मूळ अहवालातलं वाक्य असं: "शाळा दुरुस्तीच्या तरतुदीपैकी अखर्चित रक्कम मार्चअखेर शासनास समर्पित करण्यात आली." मी 'परत केली' लिहिलं. आमच्या लेखापालांनी ते खोडून 'समर्पित' पुन्हा घातलं, वर शेरा: संज्ञा बदलू नये. इंग्रजी करणाऱ्या सहकाऱ्याने तर 'डेडिकेटेड' लिहिलंय आणि देणगीदार खूश, की सरकारने दुरुस्तीसाठी पैसे वाहिले! कायद्याने समितीत निम्म्या बायका असतात. त्यांना मी कोणता शब्द देऊ?

परळकर
निधिं समर्पयामि. गंध, अक्षता, फूल आणि शाळेचं छप्पर.

नाना_गिरगावकर
हसण्यावारी नेऊ नका. नोकरीची बरीच वर्षं मंत्रालयात अर्थसंकल्पाच्या कागदांत गेली. पैसे खर्च होणार नाहीत असं दिसलं की विभागाने वर्ष संपायच्या आत ते वित्त विभागाला कळवून सोडायचे, म्हणजे दुसऱ्या लेखाशीर्षाकडे (खर्चाच्या दुसऱ्या खात्याकडे) ते वळवता येतात, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. हे समर्पण. कोणी काहीच कळवलं नाही आणि ३१ मार्च उलटला, तर रक्कम व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द. 'परत केली' म्हटलंत की दोन्हींतला फरक गेला. लेखापालांचं बरोबर आहे.

चाफा_विलेपार्ले
नाना, फरक वित्त विभागाला. पालघरच्या शाळेत छप्पर दोन्हीकडे गळतंच ना? माझं मत, 'परत गेले' लिहा. सगळे तसंच बोलतात.

नाना_गिरगावकर
चाफाताई, 'परत गेले' म्हणजे स्वतःच्या पायांनी गेले? मराठीत कर्ता लपवायची ही जुनी खोड. कोणी पाठवले ते लिहा. प्रशासकीय मान्यता उशिरा आली, तांत्रिक मंजुरी अडली की निविदेला कोणी फिरकलं नाही, हे लिहा. शब्दावर राग काढून काय होणार?

परळकर
मग 'निधीवर पाणी सोडलं' कसं वाटतं? कर्ता ठेवता येतो, अर्थही लागतो. शिवाय आधी संकल्प सोडायचा, मग उदक. 'अर्थसंकल्प' हा शब्द आता कुठे मला कळला.

शुद्धमती
सरकारी टिपणात वाक्प्रचार नकोत. आणि 'निधी' हा मुळात ठेवा, खजिना. दरवर्षी येणाऱ्या पैशाला निधी का म्हणायचं? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो परभाषेतले शब्द काढायला. आपण मात्र 'तरतूद'सारखे फारसी शब्द अजून कवटाळून बसलोय.

दप्तरदार
'तरतूद' काढलीत तर विधानसभेत काय बोलणार? मूळ अरबी 'तरद्दुद', फारसीतून आपल्याकडे आला. अर्थ येरझाऱ्या, घुटमळणं. हिंदी-उर्दूत तरद्दुद म्हणजे अजून चिंता, विवंचना. आपण त्याची व्यवस्था केली. शाळांच्या तरतुदीबाबत मूळ अर्थच जास्त जुळतो असं माझं नम्र मत.

गुरुजी_विरार
धाग्यावर उशिरा आलो, ट्रेनमध्ये होतो. विरारहून रोज पालघरकडे जातो, जि.प. शाळेत आहे. आमच्याकडे समर्पित-बिमर्पित कोणी म्हणत नाही. आमचा प्रश्न एकच: "सादिल आला का?" खडू, हजेरीपट, झाडू, लाइटबिल, सगळं त्यातून. पगार शालार्थ या ऑनलाइन प्रणालीवर होतो, त्याची चर्चा पेपरात येते. सादिलची येत नाही. तो कधी शाळा सुरू होताना येतो, कधी थेट मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये आला की म्हणतात, चार दिवसांत खर्च करून पावत्या द्या. मग एकाच दिवशी वर्षाचे खडू. हा 'सादिल' शब्द आला कुठून? आमचे केंद्रप्रमुख म्हणतात, 'सढळ'वरून.

दप्तरदार
केंद्रप्रमुखांना साष्टांग नमस्कार. 'सादिर-वारिद' हे मूळ. सादिर म्हणजे जाणारं, वारिद म्हणजे येणारं. जाता-येता होणारा किरकोळ खर्च. त्याचं सादिलवार झालं आणि तुमच्या शाळेत नुसतं सादिल उरलं.

गुरुजी_विरार
म्हणजे जाणारंच उरलं, येणारं गळलं. पटलं.

चाफा_विलेपार्ले
वा गुरुजी! 😄 पण एक खटकतं. शिक्षणाच्या पैशाचे शब्द असे देवळातले का? निधी 'समर्पित', शिकवणं 'ज्ञानदान', पगाराऐवजी 'मानधन' आणि शिक्षकाचा 'शिक्षणसेवक'. २००० साली योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये. पुढे ६,००० झाले, २०२३मध्ये १६,०००. 'सेवक' म्हटलं की कमी द्यायला लाज वाटत नाही.

नाना_गिरगावकर
शब्दांना दोष देता, तर शब्दांची ताकदही बघा. 'कायम विनाअनुदानित' शाळांतला 'कायम' हा एकच शब्द सरकारने २००९मध्ये वगळला, आणि त्या शाळा अनुदानाच्या रांगेत आल्या. मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यासाठी शिक्षक आझाद मैदानात. म्हणून म्हणतो, संज्ञा बदलू नये.

शुद्धमती
पैसा पैसा काय चाललंय? गुणवत्तेचं बोला. 'प्रथम' संस्थेच्या २०२२च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ४२.८ टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचता आला. आणि मास्तर सादिल मागताहेत.

गुरुजी_विरार
मास्तर खडू मागताहेत, ताई. आणि त्याआधी दीड-दोन वर्षं शाळा बंद होत्या, हेही त्याच आकड्यात आहे.

दप्तरदार
'गुणवत्ता' हा शब्दही तपासायला हवा. आपल्या लहानपणी गुणवत्ता मुलाची असायची, बोर्डाची गुणवत्ता यादी आठवा. शाळेचा असायचा तो दर्जा. 'शैक्षणिक गुणवत्ता' म्हटलं की दोष आपोआप पोराकडे जातो.

शुद्धमती
दर्जा पुन्हा अरबी!

परळकर
मग 'प्रत' घ्या. बासमतीला चालते, शाळेलाही चालेल.

नाना_गिरगावकर
राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर, ही कोठारी आयोगाची शिफारस. १९६८च्या धोरणात आली, २०२०च्या धोरणातही तोच आकडा. इतकी वर्षं लक्ष्य राहिलेल्या आकड्याला मराठीत काय म्हणाल?

परळकर
संकल्प.

सायली_माहीम
मंडळी, टिपण उद्या छापायला जातंय. सध्या असं केलंय: "दुरुस्तीचे पैसे मार्चपर्यंत वापरले नाहीत, म्हणून जिल्हा परिषदेने ते सरकारला परत दिले (सरकारी कागदात याला 'समर्पित' म्हणतात)." चालेल का?

नाना_गिरगावकर
'वापरले नाहीत' नको. 'वापरता आले नाहीत' लिहा. खालच्यांवर उगाच ठपका.

चाफा_विलेपार्ले
अजिबात नको! 'वापरता आले नाहीत'मध्ये तुमचाच कर्ता पळाला की हो नाना.

गुरुजी_विरार
दप्तरदार, सादिलमधल्या 'द'ला पहिली वेलांटी की दुसरी? पंचायत समितीच्या पत्रात दोन्ही आहेत. पावतीवर काय घालू?