४१ क्यू, जुना लॅपटॉप, १५,००० रुपये: नाटकाच्या इफेक्टसाठी काय घ्यावं?

विंगेतला (खानापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गावचं हौशी मंडळ आहे. वर्षाला एक नाटक, यात्रेच्या दुसऱ्या रात्री, शाळेपुढच्या पटांगणात. यंदा तेच नाटक बेळगावला स्पर्धेत न्यायचं घाटतंय. इफेक्टचं काम माझ्याकडे. संहितेत पेन्सिलीनं खुणा करत गेलो तर ४१ क्यू भरले, म्हणजे आवाज सोडायच्या ४१ जागा. पाऊस, बसचा हॉर्न, जुन्या फोनची घंटी, देवळातली आरती आणि शेवटी लांबून जाणारी रेल्वे.

आजवर आम्ही मंडपवाल्याच्या मिक्सरला पेनड्राइव्ह लावत आलो. त्यात एक फाइल संपली की पुढची आपोआप सुरू होते. गेल्या वर्षी फोनची घंटी वाजली, बापाचं काम करणाऱ्या मामांनी रिसीव्हर उचलला, ‘हॅलो’ म्हणाले आणि धो धो पाऊस सुरू झाला. तो पाऊस दुसऱ्या अंकातला! मी बंद करेपर्यंत मामा पुढचं वाक्य विसरले. तीन महिने ते शेतातून थेट तालमीला यायचे, रात्रीचं जेवण अकरा वाजता. त्यांचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. यंदा तसं होऊ द्यायचं नाही.

वर्गणीतून १५,००० रुपये मिळालेत. घरी विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. पुण्यातला मित्र म्हणतो क्यूलॅब हे आवाज सोडायचं सॉफ्टवेअर घ्या, त्यासाठी जुना मॅक बघा. सिस्टीमवाला म्हणूलालाय सॅम्पलर पॅड घ्या, ठोकलं की त्यात भरलेला आवाज वाजतो. कुणाचं ऐकू?

टिळकवाडी_साउंड

दोघांचंही नको. क्यूलॅब फक्त मॅकवर चालतं. चांगलंच आहे ते, फुकटच्या आवृत्तीतही दोन आउटपुटांवर अख्खं नाटक निघतं. पण चालू अवस्थेतला मॅक घेतल्यावर तारांना पैसे उरायचे नाहीत. पॅड ऑर्केस्ट्राला ठीक, तिथं कधी काय वाजवायचं ते आयत्या वेळी ठरतं. नाटकाचा क्रम आधीच ठरलेला असतो. ४१ आवाज आठ पॅडवर बसवायचे म्हणजे अंधारात बँक, म्हणजे पॅडवरचा आवाजांचा संच, बदलत बसणार, आणि पुन्हा चुकीचा पाऊस पडणार.

तुम्हाला क्यूची यादी हवी. वरून खाली ओळीनं, एक बटण दाबलं की एकच क्यू वाजणार आणि थांबणार. त्यासाठी विंडोजवर मल्टीप्ले नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅपटॉप फारच रखडत असेल तर लिनक्स टाकून लिनक्स शो प्लेयर वापरा, तेही फुकट. मी दोन्ही वापरलीत. नवशिक्याला मल्टीप्ले लवकर उमजतं. पाऊस हळूहळू विरवायचा तर फेडचा, म्हणजे आवाज कमी करत नेणारा, वेगळा क्यू लावा, मिक्सरच्या आवाज कमी-जास्त करायच्या दांडीवर भरवसा नको. ती दांडी मंडपवाल्याच्या हातात असते आणि त्याचं लक्ष जेवणाच्या पंगतीकडे.

पैसे खर्चायचे तर लॅपटॉप ते मिक्सर या वाटेवर. हेडफोनच्या भोकातून लांब तार नेली की गुणगुण आलीच. चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थला जोडले गेलेत. त्यावर ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी), ग्राउंड लिफ्टचं म्हणजे अर्थ तोडायचं बटण असलेला, आणि तिथून पुढं एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची तार. दोन चॅनेलला दोन डीआय लागतात, किंवा एक स्टिरिओ.

आता खरी युक्ती. तुमच्याकडे डावा-उजवा असे दोन चॅनेल आहेत, त्यांचं स्टिरिओ करू नका. डावा मोठ्या स्पीकरला, उजवा नेपथ्यामागे ठेवलेल्या छोट्या स्पीकरला. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ फाइल करून घंटी फक्त उजव्या बाजूला ठेवा, डावी रिकामी. म्हणजे फोन टेबलावरच वाजतो. आणि तो छोटा स्पीकर तारेचाच हवा. ब्लूटूथनं आवाज उशिरा येतो, मामांनी रिसीव्हर उचलल्यावरही घंटी वाजत राहील.

अनगोळ_९

फाइली एमपी३ ठेवू नका, वेव्ह (WAV) करा. एमपी३च्या सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते, पाऊस लूपवर लावला की दर फेरीला उचकी लागते. वेव्हचा मिनिटाला साधारण १० एमबी जातो, जाऊ दे. वाय-फाय बंद, विंडोजचे स्वतःचे आवाज बंद, स्क्रीन झोपू नये अशी सेटिंग. हे सगळं रंगीत तालमीच्या आधी करा, प्रयोगाच्या दिवशी नाही.

निपाणीकर_जुना

बाळा, तुझ्या मामांची गोष्ट वाचून गलबललं. आम्ही कॅसेटवर कामं केली. एका इफेक्टला एक कॅसेट, पेन्सिल घालून नेमक्या जागी फिरवून ठेवलेली, आणि ओळीनं मांडलेल्या कॅसेटींना कुणी हात लावला की मी ओरडायचो. तुझी ती क्यूची यादी म्हणजे तेच, फक्त कुणाचा धक्का लागायचा नाही.

दोन गोष्टी सांगतो. तू बसतोस कुठं? पटांगणाच्या मागच्या टोकाला बसत असशील तर रंगमंच ३०-३५ मीटर लांब. आवाजाला तेवढं यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. दाराची थाप, गोळी असल्या क्यूला कान लावून बसू नको, नटाच्या हाताकडे बघून दाब. जमलं तर विंगेतच बस. तिथून मामांचा श्वाससुद्धा दिसतो, वाक्य अडलं तर थांबता येतं.

दुसरं, लाईट. यात्रेच्या रात्री एकदा तरी जातेच. लॅपटॉपची बॅटरी चालेल, स्पीकर मुके होतील. म्हणून सुपात हरभरे आणि एक सपाट पातळ पत्रा विंगेत ठेव. आमच्याकडे एकदा ऐन पावसाच्या प्रवेशात अंधार झाला. दोन पोरी सूप हलवत राहिल्या, मी पत्रा हलवून गडगडाट केला, आणि लोक जागचे हलले नाहीत. गॅसबत्ती येईपर्यंत प्रवेश संपत आला होता.

विंगेतला (खानापूर तालुका)

काका, सूप उद्याच आईकडून मागून घेतो. विंगेतच बसणार, ठरलं. टिळकवाडीकर दादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे मल्टीप्ले टाकलं, पहिल्या अंकाचे १७ क्यू भरले. काल मामांना घरी बोलावून फक्त घंटीचा प्रवेश सहा वेळा केला. सहाव्यांदा त्यांनी मुद्दाम उशिरा उचलला, घंटी वाजतच राहिली, उचलल्यावर मी दाबलं आणि थांबली. मग म्हणाले, ‘आता चालंल.’

एकच राहिलंय. रेल्वेचा आवाज मला आमच्याच लोंढा जंक्शनकडच्या गाडीचा हवाय, नेटवरचा परदेशी हॉर्न नको. लोक ओळखतात इथं. पहाटे रुळांपासून लांब, शेताच्या बांधावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड केलं, पण वाऱ्याचा फडफडाट येतोय. मोबाइलला काय गुंडाळू?