रोजचा रामरगाडा आणि पुढची पाच वर्षं

प्रेषक: सचिव
प्रति: कार्यकारिणी आणि सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

वार्षिक अहवालासाठी काल वर्षभराची इतिवृत्तं पुन्हा वाचली. 'पुढील पाच वर्षांची आखणी' हा विषय प्रत्येक विषयपत्रिकेवर होता, प्रत्येक वेळी सर्वांत शेवटी. आणि दर वेळी त्याच्यापुढे तीच ओळ: 'वेळेअभावी पुढील बैठकीत.' वर्गण्या, सभागृहाचं आरक्षण, ध्वनिव्यवस्था यांवर मात्र आपण तास तास बोललो.

यात कुणाचा आळस नाही. संस्थांच्या कारभाराचे अभ्यासक जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी १९५८ सालीच या प्रकाराला 'नियोजनाचा ग्रेशम नियम' असं नाव दिलं होतं. ग्रेशमचा मूळ नियम नाण्यांचा: हिणकस नाणं जसं चांगल्या नाण्याला चलनातून हाकलतं, तसं रोजचं ठरावीक काम नियोजनाला हाकलून देतं. पावतीला तारीख असते, ती मागणारा माणूस असतो. पाच वर्षांनी हे मंडळ कोण चालवणार, हे विचारायला दारात कुणी उभं नसतं.

कार्यकारिणीत आपण सात जण आहोत. त्यातले पाच जण सहा वर्षांपूर्वीही होते. आपण थकलो तर पुढे कोण, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही. 'उरलेल्या वेळात बघू' म्हणतो, पण वेळ उरतच नाही. यावर सर्वांनी मनापासून लिहावं ही विनंती.

सचिव

---

प्रेषक: खजिनदार

ताई, तुमची तळमळ पोचली. तरी एक बाजू मांडतो.

रोजच्या कामाला कमी लेखू नये. वर्गणी भरणाऱ्याला त्याच आठवड्यात पावती मिळाली, त्याच्या मेलला उत्तर गेलं, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मंडळावरचा विश्वास अशाच बारीकसारीक गोष्टींतून तयार झाला आहे.

आणि वाढीची किंमतही आपण मोजलेली आहे. दोन वर्षांपूर्वी नवा युवा विभाग काढला तेव्हा दहा स्वयंसेवक एकदम घेतले. त्यांना शिकवायचं कुणी? जे हिशेब आणि नोंदणी बघत होते, त्याच आम्ही तिघांनी. चार महिने पावत्या रखडल्या, ताळेबंद उशिरा झाला. दहापैकी सात जण निघून गेले, कारण त्यांच्याशी दोन शब्द धड बोलायलाही आम्हाला फुरसत नव्हती. उत्साहाने आलेली मुलं होती ती. त्या चुकीत माझाही वाटा आहे आणि तो अजून सलतो.

एडिथ पेनरोज या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९५९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. नवी माणसं रुळवायला संस्था आतून ओळखणाऱ्यांचाच वेळ जातो, आणि अशी अनुभवी माणसं बाहेरून विकत आणता येत नाहीत. त्यामुळे संस्था किती वेगाने वाढेल, याची मर्यादा तिच्या आतच असते. आपल्याकडे तर ती तीन माणसांची आहे.

गंगाजळीला हात लावायला माझा विरोध राहील. ती अडीनडीची बेगमी आहे.

खजिनदार

---

प्रेषक: एक सभासद

काकांचं म्हणणं पटलं, पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. मी उत्पादन नियोजनात काम करतो, तिथलं एक गणित सांगतो.

समजा, कामं कधीही, अनियमित येतात, प्रत्येकाला लागणारा वेळही असाच अनियमित असतो आणि ती एकच माणूस हातावेगळी करतो. त्याचा ८० टक्के वेळ भरलेला असेल, तर एक काम करायला सरासरी जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ ते काम नुसतं रांगेत थांबतं. वेळ ९० टक्के भरला की नऊपट. ९५ टक्के भरला की एकोणीसपट! शेवटच्या पाच टक्क्यांत आपण जास्त काम केलं असं वाटतं, प्रत्यक्षात रांग दुपटीहून लांब होते. ती दहा मुलं आली तेव्हा तुम्ही तिघं आधीच काठोकाठ भरलेले होतात. मुलं जास्त झाली हे खरंच, पण एकच मुलगी आली असती तरी तिलाही ताटकळावं लागलं असतं.

म्हणून आधी काहीतरी बंद करावं लागेल. माझ्या मते छापील त्रैमासिक. त्याची जुळवणी, छपाई आणि टपाल यांत दोघांचे महिने जातात आणि बहुतेक जण ते मेलवरच वाचतात.

---

प्रेषक: माजी अध्यक्षा

त्रैमासिक बंद करताना मला वाईट वाटेल. पहिल्या अंकाची मुद्रितं मी स्वतः तपासली होती. तरीही बंद करा.

मात्र दादा, मोकळा केलेला वेळ मोकळा राहत नाही, रोजचं कामच त्यात शिरतं. मी अध्यक्ष असताना आम्ही 'महिन्यातला एक शनिवार फक्त पुढच्या विचारासाठी' असं ठरवलं होतं. तिसऱ्याच शनिवारी आम्ही आसनव्यवस्थेवर बोलत बसलो. शनिवार राखीव ठेवून भागत नाही, माणूसच राखीव ठेवावा लागतो. त्याच्याकडे रोजचं एकही काम नको.

अजून एक, माझ्या अनुभवातलं. मी पद सोडलं तेव्हा बँकेत सह्या कुणाच्या, सभागृहाशी करार कधी संपतो, संकेतस्थळाचं नूतनीकरण कुठल्या महिन्यात, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नव्हतं. नवे अध्यक्ष सात महिने दर रविवारी मला फोन करत होते. ते संकोचत होते आणि मला अपराधी वाटत होतं. रोजचं प्रत्येक काम पायरी-पायरीने लिहून काढलं, तर आजचं ओझं हलकं होतं आणि उद्याचा माणूसही तयार होतो. रोजचं काम आणि लांब पल्ल्याचं काम असे दोन कप्पे आपण पाडतो ना, ते इथे एक होतात. सुरुवात इथून करा.

---

प्रेषक: सचिव

सर्वांची मनापासून आभारी आहे. मावशींचा मेल मी तीनदा वाचला.

पुढच्या बैठकीसाठी ठराव मांडते. छापील त्रैमासिक वर्षभर थांबवायचं. त्यातून सुटलेल्या दोघांपैकी एकाने सहा महिने फक्त पुढची आखणी बघायची. त्या काळात त्यांना पावती, आरक्षण, निरोप, काहीही सांगायचं नाही. दुसऱ्याने काकांच्या शेजारी बसून हिशेबाची आणि नोंदणीची कामं लिहून काढायची. नवे स्वयंसेवक एका वेळी दोनच घ्यायचे, आणि ते रुळल्याशिवाय पुढचे दोन नाहीत. गंगाजळी जशीच्या तशी. आणि आखणीचा विषय पत्रिकेवर पहिला, वर्गण्यांच्याही आधी.

काका, तुमची हरकत असेल तर बैठकीआधीच सांगा.

---

प्रेषक: खजिनदार

ताई, हरकत नाही. एक दुरुस्ती सुचवतो. माझ्या शेजारी बसणाऱ्याने नुसतं लिहून घेऊ नये, तिसऱ्या महिन्यापासून पावत्या त्यानेच कराव्यात आणि मी बघत बसेन. लिहिताना कुठली पायरी सुटली, ते तेव्हाच कळेल.

आणि युवा विभागातून गेलेल्या त्या सात जणांना मी स्वतः फोन करतो. त्यातले दोघे आले, तर पहिली जोडी तीच असू द्या.