लाकूडही चालतं, पण बारा महिने बाहेर नको
वर कुणीतरी म्हटलंय की वाऱ्यावर हलणारं शिल्प अंगणात ठेवायचं तर लोखंडाचंच हवं, लाकूड दोन पावसाळ्यांत गेलंच समजा. मला पटत नाही.

ऑस्ट्रियाच्या दक्षिण स्टायरियात आणि शेजारच्या स्लोव्हेनियात द्राक्षमळ्यांमध्ये उंच खांबावर लाकडी पवनचक्कीसारखं एक प्रकरण असतं. ऑस्ट्रियात क्लापोटेट्झ, स्लोव्हेनियात क्लोपोतेत्स. पाती फिरली की आसावरच्या खुंट्या लाकडी हातोड्या एकेक उचलून सोडतात, त्या फळीवर आपटतात. टक, टक, टक. फळी बहुतेकदा चेरीच्या लाकडाची, कारण ती खणखणीत वाजते. मागे डहाळ्यांची जुडी बांधलेली असते, ती सगळ्या सांगाड्याचं तोंड वाऱ्याकडे वळवते. काम एकच: द्राक्षांवरची पाखरं उडवणं. आपल्याकडे ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवायचे, तिकडे ते वाऱ्यावर सोपवलंय.

आता टिकण्याचं. स्टायरियात रीत अशी की २५ जुलैला चढवायचं आणि ११ नोव्हेंबरपर्यंत उतरवायचं. बर्फ त्याला लागतच नाही.

मी गच्चीवर सागाची पाती लावून एक करून पाहिलं. पहिल्याच जुलैत आस फुगून भोकात घट्ट बसला. वारा भन्नाट, चक्र ढिम्म! मग भोक सैल केलं आणि पात्यांच्या कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजलं. पाणी तिथूनच आत शिरतं. आता फिरतंय. हातोड्या मात्र शेजाऱ्यांनी काढायला लावल्या.